नेव्ही ब्लूचा लॉट

आमच्या लिंबायतच्या गल्लीत मे महिना लग्नांचा आणि जून महिना शाळेचा. मधे दम खायला जागा नाही. मुलांच्या परीक्षा आटोपल्या, निकाल लागले की गल्लीतली निम्मी घरं कुलपं लावून गावाकडे. कोणी अमळनेर, कोणी पारोळा, कोणी शिरपूर. तिथं दिवसाआड एक लग्न. मामाच्या साल्याचं, आत्याच्या दिराचं, आणि घरचं कुणाचं नसलं तर शेजारच्या आळीतलं. अहेर न करता जेवून आलं तर लोक सात पिढ्या नावं ठेवतात, म्हणून सुरतेत वर्षभर पोटाला चिमटा घेऊन जे साठवलं ते सगळं त्या महिन्याभरात अहेरात जायचं. बदल्यात यायच्या टोप्या, टॉवेल, ब्लाऊजपीस आणि शर्टपीस. हा शर्टपीस कोणी शिवायचा नसतो, पुढच्या लग्नात पुढे सरकवायचा असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही गाडीतून उतरायचो तेव्हा बिबडे, उडदाचे पापड, कळण्याचं पीठ, लाल मिरच्यांचं गाठोडं एवढं ओझं असायचं की हमाल करावा, आणि हमालाला द्यायला पैसे नसायचे. आठवड्याभरात शाळा उघडायची.

हे आत्ताच लिहायला बसले त्याचं कारण माझी नात. मुलगा भेस्तानला राहतो, तिथल्या शाळेनं त्याच्या फोनवर यादी पाठवली. त्याला आता यादी म्हणत नाहीत, किट म्हणतात. वह्या शाळेच्या नावाच्या, दप्तर शाळेच्या नावाचं, मोजेसुद्धा शाळेच्या नावाचे, आणि पैसे आधी भरायचे. मुलगा एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर कामाला. तो आकडा बघून मला म्हणाला, "आई, तुमच्या वेळी बरं होतं. काही लागायचंच नाही." मला असा राग आला की काय सांगू! काही लागायचं नाही म्हणे. अरे बाबा, एका स्कर्टापायी माझी शाळा सुटता सुटता राहिली.

घर म्हणजे एक खोली आणि मागे मोरी. त्यात आम्ही पाच जणं: माय, आप्पा, मी आणि माझ्या पाठचे दोघे भाऊ. समोर आणि मागे कारखाने, म्हणजे मागांचे शेड. मागांचा खडखडाट आम्हाला ऐकू यायचा नाही, तो बंद पडला की ऐकू यायचा. आठवड्यातून एक दिवस पॉवरची सुटी असायची, म्हणजे कारखान्यांची वीज बंद. त्या दिवशी गल्लीत अचानक बायकांची भांडणं, भांड्यांचे आवाज, कोणाच्या तरी घरातला खोकला असं सगळं कानावर यायचं आणि चुकल्या-चुकल्यासारखं वाटायचं. माय घरी साड्यांना लेसपट्टी लावायची. तिच्याकडे पायाचं जुनं मशीन होतं, ते खोलीच्या एकुलत्या एका खिडकीशी. सकाळी कळण्याची भाकरी, ठेचा, कधी शेवेची भाजी, आणि बाराच्या सुमाराला आप्पांचा डबा घेऊन मी कारखान्यात. हा माझा रोजचा शिरस्ता.

कारखान्यात बोलणं नसतं, हातवारे असतात. एक बोट वर म्हणजे पाणी दे, मनगट फिरवलं म्हणजे किती वाजले. आप्पा दहा माग सांभाळायचे आणि त्यांच्या हाताला तोड नव्हती. शेठ गुजराती माणूस, कोणाचं कौतुक करायचा नाही. पण "रघुभाईनो ताको जोवानी जरूर नथी," असं म्हणायचा. रघुनाथचा, म्हणजे आप्पांचा, कापडाचा ताका तपासायची गरज नाही. आप्पा हे वाक्य घरी दर महिन्याला एकदा तरी सांगायचे. माय म्हणायची, "शेठ वाक्य सांगतस, पगार वाढाडत नही." त्यावर आप्पा आणखी एक भाकर मागायचे.

त्या वर्षी गावाला जायच्या आधी माझा सातवीचा निकाल लागला. पालिकेच्या मराठी शाळेत मी पहिली आले. निकाल हातात पडला तशी धावत घरी आले, डबा उचलला आणि कारखान्यात जाऊन तो कागद आप्पांच्या नाकासमोर धरला. आप्पा चौथी शिकलेले. त्यांनी हात पुसले, कागद घेतला, बोट फिरवत फिरवत वरून खाली वाचला. मग उलटा करून मागचं बघितलं. मागे काहीच नव्हतं. मग परत वरून खाली. मी वाट बघत राहिले की आता काहीतरी करतील, निदान पाठीवर थाप. त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली, डबा घेतला आणि जा म्हणून हात केला. खरं सांगते, मला रडू आलं. पण त्या आवाजात रडलेलं कोणाला ऐकू जाणार?

आणि त्याच आठवड्यात आप्पांच्या ताक्यात खोट निघाली. ताके तपासून घड्या घालणाऱ्या घडीवाल्यानं कापड उजेडाशी धरलं तेव्हा ताक्याच्या टोकाकडे चार बोटं जाळी दिसली. आडवा धागा संपलेला आणि माग तसाच चालत राहिलेला. नवशिक्याच्या हातून होते तशी चूक. शेठनं खोटीपासूनचं पाच-सहा मीटर टोक कापलं, आप्पांच्या अंगावर टाकलं आणि त्याचे पैसे पगारातून वळते केले. आप्पांनी तो कोरा, रंग न दिलेला कपडा घरी आणला आणि पेटीच्या तळाशी घातला. मायनं विचारलं, "काय व्हयनं?" तर म्हणाले, "व्हयनं." त्यानंतर शेठचं ते वाक्य आप्पांच्या तोंडून पुन्हा कोणी ऐकलं नाही.

पालिकेची शाळा सातवीपर्यंतच. तिथं पुस्तकं फुकट, कपडे कसलेही. आठवीसाठी लांबच्या मराठी हायस्कुलात जावं लागे आणि तिथं यादी असे. गावाहून आल्यावर मी नाव घालून आले, ते फुकट होतं, आणि येताना यादी घेऊन आले. पुस्तकं, अठरा वह्या, कंपासपेटी, पांढरा शर्ट, नेव्ही ब्लू स्कर्ट, आणि खाली टीप: गणवेशाचं कापड शाळेशेजारच्या दुकानातूनच घ्यावं. मायनं दुकानात जाऊन भाव विचारला. एका स्कर्टाच्या कापडात आमच्या पाच माणसांचा आठवड्याचा किराणा येत होता. दुकानदाराला ती म्हणाली, "भाऊ, कमी करा ना." तो म्हणाला, "बेन, बीजी दुकाने पूछी आवो." दुसरं दुकान नव्हतंच.

आप्पांनी यादी वाचली. निकाल वाचला होता तशीच, बोट फिरवत. मग भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "पोर घर राही ते काय बिघडी? तुनासंगे लेस लाई." म्हणजे मी आईबरोबर घरी लेस लावावी. आमच्या गल्लीत सातवीनंतर सगळ्या मुली तेच करायच्या, त्यात जगावेगळं काही नव्हतं. मायनं मशीन थांबवलं. ती म्हणाली, "तुम्ही पैसा देऊ नका. मी घरमाच जमाडसू." शेवटी आप्पा म्हणाले, "जमाड. पण साळानी तिले घर धाडी दिधं, ते मंग परत जावानं नही." शाळेनं घरी पाठवलं की विषय संपला. आप्पांचा शब्द म्हणजे शब्द. मी गोधडीत तोंड खुपसून देवाला नवस बोलले. कोणता ते आता आठवत नाही, बहुतेक फेडलाही नाही.

मायनं कसं जमवलं ते सांगते, नाहीतर मुलाला वाटेल आई गोष्टी रचते. पुढच्या गल्लीतली उषा आठवी पास झाली होती. तिची पुस्तकं अर्ध्या किमतीत मिळायची, पण अर्धी किंमत तरी कुठं होती? मायनं पाचशे पापड आणि दोन शेर मिरच्या तिच्या आईला दिल्या आणि पुस्तकं उचलली. उषानं सगळ्या स्वाध्यायांची उत्तरं पेनानं लिहून ठेवली होती आणि त्यातली निम्मी चुकीची होती. वह्यांसाठी आम्हा तिघा भावंडांच्या जुन्या वह्यांमधली कोरी पानं फाडली आणि मागाच्या जाड दोऱ्यानं शिवली. त्यामुळे माझ्या इतिहासाच्या वहीत आधी दुरेघी, मग चौकटी, मग चाररेघी अशी पानं यायची. सरांनी एकदा विचारलं होतं, "शिवाजी महाराज चौकटीत का कोंडलेस?" पांढऱ्या शर्टासाठी मायनं अहेराचा एक शर्टपीस फोडला. मामेसासूनं दिलेला होता, पुढच्या लग्नात कोणाला द्यायचा तेही ठरलं होतं. शर्टपीस शिवून अंगात घालणारी मी आमच्या भावकीतली पहिलीच असेन.

राहिला स्कर्ट. एका दुपारी मायनं पेटी उपसली आणि तळाचा तो कोरा कपडा बाहेर काढला. "याना पैसा ते कापायी गयात," ती म्हणाली. "मंग हाऊ आपलाच ना?" पैसे तर कापले गेलेच होते, मग कपडा आपलाच. तिचं माहेर कपाशीच्या मुलखातलं. तिथं तिची आई दर वर्षी जुनी लुगडी, गोधड्यांची खोळ घरीच रंगवायची: पाणी उकळायचं, रंगाची पुडी टाकायची, रंग पक्का बसावा म्हणून मूठभर मीठ. तेच मायनं केलं. किराणावाल्याकडून निळ्या रंगाच्या चार पुड्या आणल्या, लग्नातलं मोठं भगुणं स्टोव्हवर चढवलं, कपडा बुडवला आणि कपडे धुवायच्या लाकडी धोकट्यानं तासभर ढवळत राहिली. मी वाकून बघत होते. पाणी गर्द निळं, कपडा गर्द निळा. आम्ही दोघी इतक्या खूश झालो की मायनं मला गुळाचा खडा दिला.

मग मोरीत नेऊन कपडा पहिल्या पाण्यात खळबळला आणि रंग सुटला. दुसऱ्या पाण्यात आणखी. पाचव्या पाण्याला गल्लीची अख्खी गटार निळी झाली, पोरं नाचायला लागली, आणि मायच्या हातात उरला मळकट राखाडी कपडा, मधूनच निळे ओघळ. रंग कपड्याला बसला नव्हता तेवढा मायच्या हातांना बसला. मनगटापर्यंत निळी. ती मोरीच्या कठड्यावर बसली आणि कपड्याला म्हणाली, "मेल्या, पाणी पेस नि रंग पेत नही?"

तेवढ्यात साहेबरावकाका आले. ते परभणीकडचे, आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे, पांडेसऱ्याच्या एका रंगाई मिलमध्ये कामाला. ते गटारीचा रंग बघून आले होते. "काय करायलाव वैनी?" त्यांनी विचारलं. मायनं सांगितलं. काका आधी हसले, मग त्यांना दिसलं की मी रडतेय, मग थांबले आणि उकिडवे बसले. "अवो वैनी, हे पॉलिस्टर हाय. सुती न्हाई. ह्येला उघड्या भांड्यात रंग धरत नसतोय. आमच्याकडं मशीनचं तोंड बंद करतेत, कुकरवाणी, आन् मंग वाफेत शिजवतेत. तवा कुठं घेतंय." बघा, माझा बाप दिवसाचे बारा तास तेच कापड विणत होता, माय त्याच कापडाच्या साड्यांना लेस लावत होती, आणि त्याला रंग कसा लागतो हे दोघांनाही माहीत नव्हतं. सुरतेत असंच असतं. विणणारा लिंबायतचा, रंगवणारा पांडेसऱ्याचा, विकणारा रिंग रोडचा. एकाला दुसऱ्याच्या कामाचा पत्ता नाही.

काका म्हणाले, "द्या हिकडं. लॉटच्या शेपटाला टाका मारून सोडतो." मिलमध्ये हा रिवाज होता. रंगायला लावलेल्या कापडाच्या शेवटी कामगार आपापलं एखादं फडकं शिवून द्यायचे, तेही त्यासोबत रंगून यायचं. रंगमास्तरला ठाऊक असायचं, पण त्याच्या घरचेही पडदे तसेच रंगलेले. एकच अडचण होती. रंग आपल्या मनासारखा मिळत नाही. ज्या रंगाचा लॉट लागेल तो. नेव्ही ब्लूचा लॉट लागेपर्यंत थांबायचं.

इकडे शाळा सुरू झाली. वर्गशिक्षिकांनी सांगितलं, पंधरा दिवस घरचे कपडे चालतील. पंधरा दिवसांनंतरच्या सोमवारी गणवेश नसेल त्याला वर्गात घेणार नाही. मी रोज सकाळी दारात उभी राहायची. साहेबरावकाका रात्रपाळी करून आठला यायचे आणि गल्लीच्या तोंडापासूनच ओरडायचे, "आज राणी!" दुसऱ्या दिवशी, "पोपटी!" मग मोरपंखी, मग केशरी, मग पुन्हा राणी. साड्यांचा सीझन होता, नेव्ही ब्लू साडी कोण नेसतं? गल्लीतल्या बायकांनाही नाद लागला. त्या नळावरून विचारायच्या, "साहेबराव, आज कोणता?" आणि माझ्याकडे बघून चुकचुकायच्या. एक जण तर मायला म्हणाली, "राणीच रंगवी ले. लगीनमा तरी कामी यी." त्या दिवशी मायनं लेस उलटी लावली आणि दोन साड्या उसवाव्या लागल्या. दहाव्या का अकराव्या दिवशी मी दारात पोचायच्या आधीच आप्पांचा आवाज ऐकला. ते नळावर दात घासत होते, तोंडात दंतमंजन, आणि विचारत होते, "साहेबराव, आज?" काका म्हणाले, "अबोली." आप्पांनी चूळ भरली आणि आत आले. माझ्याकडे बघितलंही नाही.

शेवटच्या शनिवारी काका आले ते न ओरडता. मला वाटलं, संपलं. ते सरळ आमच्या खोलीत शिरले आणि मायला म्हणाले, "वैनी, तोंड फिरवा." माणूस हडकुळा, पण त्या दिवशी पोट सुटलेलं. शर्ट वर करून त्यांनी पोटाला गुंडाळलेला कपडा सोडायला सुरुवात केली. मिलच्या गेटवर झडती असायची ना. गोल गोल फिरत होते आणि नेव्ही ब्लू कपडा जमिनीवर साचत होता. "अस्तराचा लॉट लागला," ते म्हणाले. "सा मीटर पोटाला बांधून बसमंदी बसलो, पार शिजलो." मायनं त्यांना पुरणाएवढ्या मानानं शिरा करून घातला. तूप नव्हतं, तेलातला केला. काकांनी तीन वाट्या खाल्ला.

रविवारी स्कर्ट झाला. मायनं तीन वर्षं पुरेल असा शिवला: कंबर मोठी, आणि खाली वीतभर दुमड, म्हणजे दर जूनला दोन बोटं उसवायची. ताक्यातली ती जाळीची चार बोटं तिनं त्या दुमडीच्या अगदी आत, टोकाशी दाबून टाकली. कापड पॉलिस्टरचं, रंग अस्तराचा, म्हणून चमकायचं आणि पायांना चटचट चिकटायचं. मला ते दृष्ट लागण्यासारखं सुंदर वाटलं.

सोमवारी प्रार्थनेच्या रांगेत पी.टी.च्या सरांनी माझा दंड धरून बाहेर काढलं. शेजारच्या मुलीच्या स्कर्टाला माझा स्कर्ट लावून बघितला. माझा गडद होता आणि चमकत होता. "हे आपल्या दुकानाचं नाही. दुकानाचं बिल घेऊन ये, तोपर्यंत घरी." रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अस्तर!" आणि सगळी रांग हसली. ते नाव मला पुढे दहावीपर्यंत पुरलं.

घरी आले तेव्हा आप्पांची पॉवरची सुटी होती. ते जेवायला बसले होते, ताटात खिचडी आणि भाजलेला पापड. मला दारात बघून त्यांचा हात थांबला. शाळेनं घरी पाठवलं होतं. त्यांचा शब्द मला पाठ होता, मायलाही पाठ होता. मी सांगितलं काय झालं ते. बाहेर माग बंद, त्यामुळे मी रडत होते ते सगळ्या गल्लीला ऐकू जात असणार. माय मशीनवरून उठली, पदर खोचला आणि माझं मनगट धरलं. आप्पा काही म्हणतील म्हणून आम्ही दोघी क्षणभर थांबलो. ते ताटाकडे बघत म्हणाले, "ऊन शे. पायमा चप्पल घाल." एवढंच.

माय मला तशीच शाळेत घेऊन गेली, मोठ्या बाईंकडे. बाई पुण्याकडच्या, पांढऱ्या साडीतल्या, करारी. पी.टी.चे सर बाजूला उभे. मायला शुद्ध बोलता यायचं नाही आणि आज तिनं प्रयत्नही केला नाही. सरांनी बिल मागितलं तशी ती म्हणाली, "हाई कापड इना बापनी विणेल शे. बिल कोणाले मांगू?" बाई म्हणाल्या, "काय म्हणता?" मी सांगितलं, "हे कापड माझ्या वडिलांनी विणलंय, बिल कोणाकडे मागू, असं म्हणतेय ती." बाईंचं लक्ष मायच्या हातांकडे गेलं. चामडीवरचा रंग गेला होता, पण नखं अजून निळी. "हातांना काय झालं?" मायनं सगळं सांगितलं: मीठ, भगुणं, निळी गटार, राणी, पोपटी, काकांचं पोट. बाईंना निम्मंच कळत होतं, पण पोटाशी आल्यावर त्या तोंडाला रुमाल लावून हसल्या. मग सरांना म्हणाल्या, "रंग निळा आहे ना? मग बसू द्या वर्गात." मी तिथंच त्यांच्या पाया पडले असते, पण मायचं झालं नव्हतं. दारातून मागे वळून ती म्हणाली, "दुसरी पोरीसनं बी चाली का?" बाकीच्या मुलींचंही चालेल का? सर चपापले. बाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, "चालेल." पुढच्या जूनमध्ये आमच्या गल्लीतून चार अस्तरं हायस्कुलात गेली, आणि साहेबरावकाकांचं पोट वरचेवर सुटू लागलं.

मी पुढे काही मोठी झाले नाही. दहावी झाले, बालवाडीत बाई झाले, तेवीस वर्षं पोरांची शेंबडी नाकं पुसली आणि त्या पगारात तीन पोरं शिकवली. दर जूनला पालक यादी हातात घेऊन माझ्यासमोर बसायचे. कोणाचा बाप यादी बघून आधी चिडायचा, पोरावरच ओरडायचा, "काय करायचं शिकून?" इतर बाया म्हणायच्या, कसला बाप आहे. मी तसं कधी म्हटलं नाही. त्याचं कारण दहावीच्या मार्चमध्ये कळलं होतं.

परीक्षा चार दिवसांवर होती. स्कर्ट पुन्हा आखूड झालेला, म्हणून मायनं दुमडीचा शेवटचा टाका उसवला. घेर खाली पडला आणि ती चार बोटं जाळी बाहेर आली. रंग बाकीच्या कापडासारखाच, पण उजेडाशी धरलं की आरपार दिसायचं. त्या दिवशीही पॉवरची सुटी होती. आप्पा खाटेवर पडले होते. मी चेष्टेनं स्कर्ट त्यांच्यासमोर नाचवला आणि शेठच्या आवाजात म्हटलं, "रघुभाईनो ताको जोवानी जरूर नथी!" माय दचकली. तीन वर्षांत त्या खोटीबद्दल घरात कोणी तोंड उघडलं नव्हतं. आप्पा उठून बसले, जाळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "तुनंच काम शे हाई. तू डबा लई उनी व्हती ना. तो कागद दखी ऱ्हायंतू मी. बाणा सरना तरी ध्यान नही."

माझा निकाल. मागाचा आडवा धागा संपला तरी ते माझे मार्क वाचत उभे होते. मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, "मग तेव्हा बोलला का नाहीत? घरी बसव म्हणून मायला का सांगितलंत?" आप्पा खिडकीकडे बघत म्हणाले, "इतला मार्क दखीसन भ्याव वाटनं मले. आते ही पोर मांगी, आनि मी कोठून दिसू?" आता ही पोर मागणार, आणि मी कुठून देणार. एवढं बोलून त्यांनी मला विचारलं, "गणितमा कितला व्हतात तुले?"

"अठ्ठ्याण्णव."

"हां," आप्पा म्हणाले. "अठ्ठ्याण्णव." आणि परत आडवे झाले.

मायनं नाक ओढलं, दोऱ्याचं रीळ घेतलं आणि म्हणाली, "आण इकडे, वरतून पट्टी लाई देस. लोके दखतीन." मी म्हटलं, "नको, राहू दे." आणि दहावीचे सगळे पेपर मी त्याच स्कर्टात दिले.